अंगचे चिलखत

आम्ही यंत्रमाग कामगारांत वावरणारी माणसे. क्षयाने खंगलेला कामगार आणि त्याची बिनखिडकीची खोली ही दोन्ही आमच्या नजरेस एकदमच पडतात. म्हणून शरीर जंतूंशी स्वतः कसे झुंजते, हा इतिहास आम्हांस प्रयोगशाळेपुरता वाटत नाही.

१९२२ साली लंडनच्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी दाखवून दिले की, आपल्या अश्रूंत व शेंबडात काही जंतूंना विरघळविणारे प्रथिन असते. त्यास त्यांनी लायसोझाइम हे नाव दिले. परंतु १९२८ मध्ये त्यांनाच पेनिसिलीन सापडले आणि पुढे त्याच्या प्रकाशात ते अश्रू झाकोळून गेले.

१९८१ मध्ये स्वीडनच्या हान्स बोमान यांनी एका पतंगाच्या कोशावस्थेतील किड्यांना जंतू टोचले, तेव्हा त्यांच्या शरीरात जंतुनाशक द्रव्ये निर्माण झालेली आढळली. १९८७ मध्ये अमेरिकेत मायकेल झासलॉफ यांना एक कोडे पडले. शस्त्रक्रिया केलेले बेडूक गढूळ पाण्यात सोडले, तरी त्यांच्या जखमा चिघळत नसत. कातडीत शोधता त्यांना पेप्टाइडे, म्हणजे प्रथिनांच्या आखूड साखळ्या, मिळाल्या. हिब्रू भाषेतील ‘ढाल’ या शब्दावरून त्यांनी त्यांस ‘मॅगेनिन’ म्हटले. माणसाच्या पांढऱ्या पेशींतील ‘डिफेन्सिन’ १९८५ मध्येच ओळखली गेली होती. या साखळ्यांवर बहुधा धनभार असतो व जंतूच्या आवरणावर ऋणभार. त्यामुळे त्या तेथे चिकटतात आणि आवरणास भोके पाडतात.

२००६ मध्ये असे दिसून आले की, क्षयजंतूशी गाठ पडलेल्या पेशीस ‘कॅथेलिसिडिन’ हे पेप्टाइड घडविण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते. ते तर उन्हातून मिळते! मग गोळ्या वाटल्या की झाले? नाही. मंगोलियात ८,८५१ शाळकरी मुलांवर तीन वर्षे चाचणी झाली. त्या गोळ्यांनी क्षयाचा संसर्ग टळला नाही, असे २०२० मध्ये जाहीर झाले.

उलट झारखंडात रुग्णांच्या घरच्यांना पुरेसा शिधा दिला, तेव्हा त्यांच्यातील नवे क्षयरोगी सुमारे ३९ टक्क्यांनी घटल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. याचे सारे श्रेय पेप्टाइडांना देण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु एक गोष्ट उघड आहे : निसर्गाने गरिबासही चिलखत दिले आहे, ते अंगावर टिकावे म्हणून लागणारी भाकरी, हवा आणि औषध मात्र समाजानेच द्यावयाचे आहे.