हप्ता तोच, रक्कम कमी

विम्याचा जुना दरतक्ता हाती लागला की आकडे उतरवण्याआधी एक प्रश्न विचारा: हे दर ठरवले कुणी?

अमेरिकेत गरीब माणूस छोटा विमा काढायचा तो मुख्यतः अंत्यविधीच्या खर्चासाठी. १८८१ मध्ये प्रुडेन्शियल कंपनीनं कृष्णवर्णीयांना त्याच हप्त्यात एक तृतीयांश कमी रक्कम द्यायचं ठरवलं. १८९६ मध्ये कंपनीचाच संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॉफमन यानं पुस्तक लिहिलं: त्यांच्या जास्त मृत्युदराचं कारण परिस्थिती नसून वंश आहे! १९२३ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅमजवळ ए. जी. गॅस्टन यांनी कृष्णवर्णीयांसाठी अंत्यविधीचं वर्गणी मंडळ काढलं. पुढे अंत्यसंस्कारगृह आणि विमा कंपनीही उभी केली.

म्हणून हॉफमनचे आकडे जरूर वापरा, पण ते विमा कंपनीच्या नोकरानं मांडलेत हे लिहा. आणि हप्ता भरणाऱ्यांची बाजूही शोधा.