कार्लेखिंडीची रोडस्टर : गाडी झकास, पण कागद?

दोन सीटची उघडी गाडी. लांबलचक नाक, बॉडीच्या बाहेर आलेली पुढची चाकं, त्यावर वेगळे मडगार्ड, बेडकाच्या डोळ्यांसारखे हेडलाइट. अशी गाडी कर्जत-खालापूरकडच्या एखाद्या फार्महाऊसच्या शेडमध्ये दिसली आणि "विकायची आहे" असं कानावर आलं, तर कुणालाही वाटेल की साहेबांनी थेट इंग्लंडहून उचलून आणली असणार. पण मंडळी, ती आपल्याच रायगड जिल्ह्यात बनलेली असू शकते!

कर्जतहून खोपोली, पेण, वडखळ करत अलिबागला निघालं की शहर यायच्या जरा आधी कार्लेखिंड लागते. इथे शमा बोथे आणि गिडो बोथे यांच्या चिंकारा मोटर्सने 'रोडस्टर १.८ एस' बनवली. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत गाड्यांच्या मासिकांत तिचे फोटो झळकायचे. तोंडवळा लोटस सेव्हनचा, बॉडी फायबरग्लासची, आणि इंजिन? अँबॅसिडरमधलं १८१७ सीसीचं इसुझू! कोलकात्याच्या टॅक्सीचं खानदान :-)

आता हे इंजिन का, हे बघण्यासारखं आहे. अँबॅसिडर म्हणजे मुळात ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड, वजन टनाच्या पुढे. तेच इंजिन छप्पर, दारं, मागची सीट असलं काही नसलेल्या हलक्या सांगाड्यात बसवलं की त्याची चाल पार बदलते. मूळ लोटस सेव्हनचं वजन सुमारे ५०० किलो होतं. कॉलिन चॅपमनचं सगळं तत्त्वज्ञान हेच की ताकद वाढवण्यापेक्षा वजन कमी करा. शिवाय हे इंजिन हिंदुस्तान मोटर्स इथेच बनवत होती, त्यामुळे सुटे भाग मिळायचे.

फायबरग्लासचंही तसंच. पत्र्याची बॉडी ठोकायची तर प्रेस आणि डाय लागतात, खर्च कोटींत जातो. लाखभर गाड्या विकणाऱ्यालाच तो परवडतो. फायबरला एक साचा पुरतो. त्यात काचेच्या तंतूंची चटई अंथरायची, वर रेझिन, पुन्हा चटई, पुन्हा रेझिन. मेहनत खूप, भांडवल कमी. साधारण याच सुमाराची गोव्याची सॅन स्टॉर्म आठवते का? तिचीही बॉडी फायबरचीच, इंजिन रेनॉचं.

म्हणजे गाडी बनवणं जमत होतं. मग घोडं कुठे अडतं? माझ्या मते कागदात. आणि यातली गंमत म्हणजे मूळ लोटस सेव्हनसुद्धा कागदामुळेच जगली!

सेव्हन आली १९५७ साली. तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर जबर खरेदी कर होता, पण सुट्या भागांच्या किटवर नव्हता. अट अशी, की सोबत जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत. सांगतात की चॅपमनच्या लोकांनी 'गाडी उघडायची कशी' याच्या सूचना दिल्या, गिऱ्हाइकाने त्या उलट्या वाचायच्या! १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ही पळवाट बंद झाली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले. पण ब्रिटिश सरकारने पळवाट बुजवली तरी वाट ठेवली. १९९८ पासून तिथे एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी सुरू झाली. घरी बनवलेली एकच गाडी घेऊन जा, ब्रेक, दिवे, धूर तपासून घ्या, पास झाली की रस्त्यावर आणा.

आपल्याकडे आधी लायसन्स राज. मोटारगाड्यांचं उत्पादन परवानामुक्त झालं १९९३ मध्ये. आता कुणीही गाडी बनवावी, पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या १२६ व्या नियमाप्रमाणे नमुना गाडी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून पास करून घ्यायची. नियम चुकीचा नाही, सुरक्षितता हवीच. पण गणित बघा. समजा सगळ्या चाचण्यांचा खर्च ५० लाख. लाखभर गाड्या विकल्या तर गाडीमागे ५० रुपये. पन्नासच विकल्या तर गाडीमागे एक लाख! वर प्रदूषणाचे निकष बदलत राहिले. भारत स्टेज दोन, तीन, चार, आणि २०२० पासून थेट सहा. प्रत्येक पायरीला नवं इंजिन, नव्या चाचण्या. अँबॅसिडर स्वतःच २०१४ मध्ये बंद पडली, तिथे तिच्या इंजिनावर छोट्या कारखानदाराने किती दिवस काढायचे?

म्हणून अशी गाडी विकायला आली तर बॉनेट उघडायच्या आधी आरसी उघडा. बनवणाऱ्याचं नाव काय लिहिलंय? चॅसी आणि इंजिन नंबर जुळतात का? नोंदणीची १५ वर्षं संपली असतील तर नूतनीकरण झालंय का? कारखान्याच्या नावाने रीतसर नोंदलेली गाडी वेगळी, आणि अँबॅसिडरच्या आरसीवर चढवलेली रोडस्टरची बॉडी वेगळी. दुसरीच्या नादी लागू नका. मूळ रचनेला सोडून केलेले असे बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय.

"व्हिंटेज म्हणून नोंदवू की" असंही कुणी सुचवेल. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी हवी. जुनी दिसून भागत नाही.

कागद जमले तर मग बाकीचं बघा. फायबर जिथे सांगाड्याला बोल्टने धरलंय तिथे चिरा, आणि सांगाड्याच्या नळ्यांत गंज. अलिबागची खारी हवा आणि कर्जतचा पाऊस, दोन्ही लोखंडाचे वैरीच.

एवढं सगळं ठीक निघालं तर घ्या बिनधास्त, आणि पावसाळा संपला की खोपोलीतून जुन्या रस्त्याने बोरघाट चढा, शिंग्रोबाला नमस्कार करून. माझं म्हणणं एवढंच, की एकेका गाडीच्या तपासणीची सोय आपल्याकडेही व्हायला हवी. ब्रेक लागतो का, दिवे पेटतात का, धूर किती, हे एका गाडीचंही तपासता येतं. नाहीतर कार्लेखिंडीसारखे कारखाने काढायची हिंमत पुढे कुणी करायची?