झाकणावरची पाच बोटं

गुलमंडीच्या मागच्या गल्लीतला वाडा रिकामा होतोय. जुन्या लाकडाचा व्यापारी ओसरीवर टेप घेऊन बसलाय आणि तुम्ही माजघरात, कमरेएवढ्या सागवानी पेटीपुढं. पुढच्या फळीवर कोरलेली कमळं, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, खाली चार लाकडी चाकं. झाकण दोन्ही हातांनी उचलावं लागतं. कापूर, लवंग, वाळा... वास अजून गेलेला नाही. झाकणाच्या आत कुंकवाची पाच बोटं. नव्या सुनेनं पहिल्या लक्ष्मीपूजनाला एक बोट उमटवायचं, ही या घराची रीत.

तिसऱ्या बोटावर तुम्ही आपलं बोट टेकवता.

कंदिलाची वात बारीक केलेली. 1948चा पावसाळा. औरंगाबाद शहर निजामाच्या हद्दीत, रझाकारांच्या भीतीनं दारं दिवेलागणीलाच लागतात. पहाटे हद्दीपलीकडच्या मनमाडकडं निघायचं ठरलंय. सून तळातून थैली काढते. चारमिनारचं चित्र असलेले निजामाचे चांदीचे हाली रुपये. हद्दीपलीकडं भारताचा कलदार रुपया चालतो. सात हाली द्यावे तेव्हा सहा कलदार मिळतात. थैली ती परत तळाशी ठेवते. उर्दूत लिहिलेला घराचा कागद मात्र लुगड्यात बांधून घेते. त्यावर तीन पुरुषांची नावं आहेत, तिचं नाही.

"पेटीचं काय करायचं, सासूबाई?"

"ती इथंच राहील. किल्ली तू कमरेला लाव. किल्ली हाती असली की माणूस परत येतं, बाळा."

17 सप्टेंबरला निजाम शरण आला. ती परत आली, कुलूप उघडलं, थैली जागेवर होती.

आता पहिलं बोट. ते जवळजवळ पुसलंय.

1900चा सुमार. अंगणात सागाच्या छिलक्यांचा ढीग आणि त्याचा तेलकट, कडसर वास. दुष्काळ नुकताच सरलाय. मनमाडहून आलेल्या नव्या मीटर गेज रेल्वेची शिट्टी ऐकू आली, की सुताराची पटाशी क्षणभर थांबते.

"छावणीत साहेबाकडं ओकची पेटी बघितली," तो सांगतो. "कोरीवकाम लई झ्याक. पण इथल्या वाळवीपुढं विलायती लाकडाचं काही खरं नाही. सागाच्या अंगातच तेल असतं. ही तुमच्या लेकीच्या पणतीला पुरंल."

खांबाआड उभी असलेली मुलगी ऐकतेय. चार दिवसांनी तिचं लग्न आहे. हिरवी पैठणी ती मलमलीत गुंडाळते, घडीत कडुनिंबाचा पाला ठेवते. सासरी तिचं नाव बदलेल. माहेरचं नाव घेऊन तिला हाक मारणारं तिथं कुणी नसेल. तिचं म्हणून एवढी पेटीच सोबत जाणार आहे.

"घनफुटावर भाव देतो," बाहेरून व्यापाऱ्याचा आवाज येतो.

तुम्ही गावाकडच्या थोरल्या आत्याला फोन लावता. पाचवं, चौथं, तिसरं नाव ती पटापट सांगते. दुसरं आठवायला तिला वेळ लागतो. पहिल्यापाशी ती गप्प होते.

तुम्ही पेन्सिलीनं चार बोटांखाली चार नावं लिहिता. पहिल्या बोटाखाली नावापुरती जागा मोकळी ठेवता, झाकण लावता आणि किल्ली खिशात टाकून ओसरीवर येता.

"पेटी सोडून बाकीचं मोजा," तुम्ही म्हणता.