ट्रूमनचा शेरा आणि पॉली उम्रीगर

भारतीय फलंदाज वेगवान गोलंदाजीला घाबरतात, हे वाक्य आमच्या पिढीने अगदी लहानपणापासून ऐकलं. ज्यांना बॅट कशी धरतात हेही ठाऊक नव्हतं अशी वडीलधारी मंडळीसुद्धा ते ठासून सांगत. त्यांच्यापाशी पुरावा म्हणून नाव ठरलेलं असे: पॉली उम्रीगर. "ट्रूमनसमोर लेगला पळाला होता!" असं म्हणून आमच्या घरात एकदा विषय संपवला गेला तेव्हा मला फार राग आला होता, कारण तोवर उम्रीगरच्या खात्यावर काय काय जमा झालं होतं ते मी वहीत उतरवून ठेवलं होतं. उम्रीगरचा जन्म आपल्या सोलापूरचा, २८ मार्च १९२६ चा. त्यामुळे थोडा जिव्हाळाही होता, तो लपवत नाही. (खेळाडूंना आपण मराठीत अरे-तुरेच करतो. त्यात अनादर नाही, आपलेपणा आहे. इथेही तसंच चालू द्या.)

आधी आरोपपत्र वाचू, मग पुढे जाऊ.

जून १९५२. लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर इंग्लंडविरुद्ध पहिली कसोटी. फ्रेड ट्रूमन नावाच्या एकवीस वर्षांच्या पोराचा हा पहिलाच सामना. भारताचा दुसरा डाव सुरू झाला आणि चौदा चेंडूंत धावफलकावर शून्य धावा, चार बाद! पंकज रॉय, दत्ता गायकवाड, माधव मंत्री, विजय मांजरेकर. यातले तीन ट्रूमनचे, एक बेडसरचा. पुढे जुलैत मँचेस्टरला तर एकाच दिवसात भारताचे दोन्ही डाव संपले, ५८ आणि ८२. पावसाने भिजलेली खेळपट्टी, पाठीशी सोसाट्याचा वारा, आणि ट्रूमनचे ३१ धावांत ८ बळी. चार कसोटींत त्याने एकूण २९ गडी बाद केले.

उम्रीगरच्या त्या मालिकेतल्या सात डावांतल्या धावा अशा: ८, ९, ५, १४, ४, ३, ०. एकूण ४३. चेंडू येण्याआधीच त्याचा पाय स्क्वेअर लेगच्या दिशेने सरकत असे. शॉर्ट लेगला उभ्या असलेल्या टोनी लॉकने म्हणे त्याला विनंती केली की बाबा जरा बाजूला हो, तू मध्ये आलास की मला गोलंदाज दिसत नाही! हा किस्सा इतक्या जणांनी इतक्या तऱ्हांनी सांगितला आहे की त्यात मीठ किती आणि मसाला किती हे आता देवच जाणे. पण शेरा बसला तो कायमचा. मास्तरकीत आयुष्य गेलं, म्हणून सांगतो, प्रगतिपुस्तकावरचा लाल शाईचा शेरा गुणांपेक्षा जास्त टिकतो. पोरगं पुढे पहिलं आलं तरी शेजारीपाजारी सहावीतलं नापास होणंच लक्षात ठेवतात.

आता गंमत बघा. त्याच दौऱ्यात कसोटी सोडून इतर सामन्यांत याच उम्रीगरने ऑक्सफर्ड, केंट आणि लँकेशायरविरुद्ध तीन द्विशतकं केली. दौऱ्यातल्या त्याच्या एकूण धावा सोळाशेच्या वर. म्हणजे इंग्लंडची हवा, तिथला ओलसर चेंडू, झाकून न ठेवलेल्या खेळपट्ट्या, हे सगळं त्याला जमत होतं. जमत नव्हता तो फक्त एक माणूस. किंवा नेमकं बोलायचं तर, जमत नव्हता वेग.

का जमत नव्हता? इथे मंडळी लगेच 'रक्त', 'आहार', 'भित्रा स्वभाव' असल्या गोष्टींवर येतात. मला ते कधी पटलं नाही. साधा हिशोब करू. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू फलंदाजापर्यंत पोचायला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ घेतो. तेवढ्यात विचार करून पाय हलवणं शक्य नाही. पाय आपोआप योग्य जागी, म्हणजे मागे आणि यष्टींच्या आडवा, जायला हवा आणि ती सवय हजारो चेंडू खेळूनच लागते. आता सांगा, १९४५ ते १९५२ या काळात आपल्या फलंदाजांना असे चेंडू टाकणारं देशात होतं कोण? महंमद निसार आणि अमरसिंग या जोडीने १९३२ साली लॉर्ड्सवर इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ करून टाकली होती. पण अमरसिंग १९४० साली ऐन तिशीत गेला आणि फाळणीनंतर निसार पाकिस्तानात राहिला. मागे उरले मध्यमगती गोलंदाज आणि फिरकीवाले. जे पाठ कधी शिकवलेच नाहीत त्यावर परीक्षेत प्रश्न आला, असा हा प्रकार.

आणि सगळेच नापास झाले असंही नाही. आपल्या सांगलीत जन्मलेला विजय हजारे बघा. जानेवारी १९४८ मध्ये अॅडलेडला समोर लिंडवॉल आणि मिलर असताना त्याने दोन्ही डावांत शतकं ठोकली, ११६ आणि १४५. दुसऱ्या डावात लिंडवॉलने ३८ धावांत ७ बळी घेतले, संघाच्या धावा २७७, त्यातल्या निम्म्याहून जास्त एकट्या हजारेच्या! तोच हजारे १९५२ मध्ये हेडिंग्लेला चार बाद शून्य असताना मैदानात उतरला आणि ५६ करून आला. फडकरने ६४ केल्या. त्याच सामन्याच्या पहिल्या डावात वीस वर्षांच्या मांजरेकरने १३३ केल्या होत्या. पुढच्या कसोटीत लॉर्ड्सवर विनू मांकडने ७२ आणि १८४ केल्या, त्याही याच ट्रूमनसमोर. पण 'चार बाद शून्य' लक्षात राहायला सोपं. १८४ कोण लक्षात ठेवतो?

तर उम्रीगर. माझ्या वहीत पुढची नोंद १९५३ च्या वेस्ट इंडिज दौऱ्याची, पाच कसोटींत ५६० धावा. पण खरं सांगायचं तर या धावांना मी वेगाविरुद्धचा पुरावा मानत नाही. तेव्हाचा त्यांचा मुख्य मारा रामाधीन आणि व्हॅलेंटाइन या फिरकी जोडीचा होता. १९५५ साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३, कसोटीतलं पहिलंवहिलं भारतीय द्विशतक. तेही टीकाकारांचं तोंड बंद करणारं नव्हतंच. दुबळ्यांना बडवतो, असं म्हणायला लोक मोकळे.

१९५८-५९ च्या मोसमात हॉल आणि गिलख्रिस्ट भारतात आले आणि आपल्या फलंदाजांना त्यांनी अक्षरशः झोडपून काढलं. हॉलचे ३० बळी, गिलख्रिस्टचे २६. पाच कसोटींत आपण चार कप्तान केले. त्यातला एक उम्रीगर, आणि त्याने संघनिवडीच्या वादावरून मद्रास कसोटीच्या तोंडावर राजीनामा दिला. त्या मालिकेतल्या अंधारात दिल्लीला पुण्याच्या चंदू बोर्डेने १०९ आणि ९६ करून (९६ वर बिचारा हिट विकेट झाला) थोडा उजेड पाडला, तेवढाच.

मग १९५९ चं मँचेस्टर. सात वर्षांपूर्वी जिथे ४ आणि ३ केल्या तेच मैदान आणि समोर तोच ट्रूमन. दुसऱ्या डावात उम्रीगरने ११८ केल्या. या डावाबद्दल फारसं कुणी बोलत नाही, कारण त्याच डावात ऑक्सफर्डमधून बोलावून घेतलेल्या अब्बास अली बेगने पदार्पणातच ११२ केल्या, तेही ऱ्होड्सचा चेंडू डोक्याला लागून बाहेर गेल्यावर परत येऊन. साहजिकच मथळे त्याचे झाले. उम्रीगरचं नशीबच तसं होतं.

पण मला सांगायचं आहे ते १९६२ बद्दल.

त्या वर्षी आपला संघ वेस्ट इंडिजमध्ये पाचही कसोटी हरला. हॉलने २७ बळी घेतले. आणि १७ मार्चला ब्रिजटाऊनला बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू कप्तान नरी काँट्रॅक्टरच्या कवटीवर बसला. हेल्मेटं तेव्हा नव्हतीच. हा काँट्रॅक्टर म्हणजे १९५९ साली लॉर्ड्सवर स्टॅथमच्या चेंडूने बरगड्या मोडल्यावरही ८१ धावा करणारा माणूस. त्याला भित्रा म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. शस्त्रक्रिया झाल्या, रक्त द्यावं लागलं. देणाऱ्यांत वेस्ट इंडिजचा कप्तान फ्रँक वॉरेल होता, बोर्डे होता, बापू नाडकर्णी होता आणि उम्रीगरही होता. त्याच सामन्यात मांजरेकरच्या नाकावर चेंडू आदळला आणि तरी दुसऱ्या डावात त्याने शतक काढलं. काँट्रॅक्टर वाचला, पुढे देशांतर्गत क्रिकेटही खेळला, पण कसोटी पुन्हा नाही. त्याच्या डोक्यात बसवलेली धातूची पट्टी तब्बल साठ वर्षांनी, २०२२ मध्ये काढली.

या घटनेला तीन आठवडे व्हायच्या आत, ४ एप्रिलला, पोर्ट ऑफ स्पेनला चौथी कसोटी सुरू झाली. संघातल्या प्रत्येकाने डोक्याला चेंडू लागलेला माणूस जवळून पाहिलेला. नवा कप्तान पतौडी, वय एकवीस. आणि ज्याने वेगवान माऱ्याला घाबरायचं असा जगाने शिक्का मारलेला, तो उम्रीगर आठवड्याभरापूर्वीच पूर्ण छत्तीस वर्षांचा झालेला.

वेस्ट इंडिजने ९ बाद ४४४ वर डाव घोषित केला. त्यातले ५ बळी उम्रीगरचे, पन्नासहून अधिक षटकं टाकून. मग हॉलने २० धावांत आपले ५ गडी उडवले. उम्रीगर ५६, बोर्डे ४२, सगळे बाद १९७. फॉलोऑन. दुसऱ्या डावात सलीम दुराणीने शतक केलं आणि उम्रीगरने १७२ केल्या, नाबाद, २४८ मिनिटांत. जीव वाचवत, कसंबसं टिकून केलेल्या या धावा नव्हेत. हा वेग पाहा. एकाच कसोटीत शतक आणि डावात पाच बळी, असं तोवर भारतातर्फे फक्त मांकडने केलं होतं. आपण ४२२ पर्यंत गेलो, तरी सामना सात गड्यांनी हरलोच.

काटेकोर हिशोब करायचा तर हेही सांगितलं पाहिजे की समोर एकटा हॉल नव्हता, गिब्ज आणि सोबर्सही होते, तेव्हा सगळ्या १७२ काही वेगवान माऱ्यावरच्या नव्हेत. मान्य. पण पाचही कसोटींत हॉलला तोंड देत मालिकेत भारतातर्फे सर्वाधिक, ४४५ धावा कुणाच्या? उम्रीगरच्याच.

उम्रीगर १९५२ साली ट्रूमनला घाबरला होता का? माझ्या मते, हो, घाबरला होता. ते नाकारून त्याचा कैवार घेण्यात अर्थ नाही. सात डावांचे आकडे खोटं बोलत नाहीत. पण काँट्रॅक्टरला पडलेलं पाहूनही छत्तिसाव्या वर्षी जो असा खेळतो, त्याची ओळख त्या सात डावांवरून करायची की उरलेल्या दहा वर्षांवरून? ज्यांनी शेरा मारला त्यांनी पुढचं प्रगतिपुस्तक उघडलंच नाही. ५९ कसोटी, ३,६३१ धावा, १२ शतकं. वर्षातल्या सर्वोत्तम भारतीय क्रिकेटपटूला मंडळ जो पुरस्कार देतं त्याला आज त्याचंच नाव आहे, हे मात्र छान झालं. २००६ साली तो गेला तेव्हाही स्मरणलेखांत ट्रूमन आणि लॉकचा किस्सा होताच.

जाता जाता एक गोष्ट. १९६२ चा मार खाऊन परत आल्यावर क्रिकेट मंडळाने वेस्ट इंडिजचे चार वेगवान गोलंदाज पैसे देऊन भारतात आणले, आपल्या फलंदाजांना सवय व्हावी म्हणून. १९६२-६३ च्या मोसमात गिलख्रिस्ट हैदराबादकडून, वॉटसन दिल्लीकडून, लेस्टर किंग बंगालकडून आणि स्टेअर्स मुंबईकडून रणजी सामने खेळला. उम्रीगरची शेवटची कसोटी त्याआधीच, एप्रिलमध्ये किंग्स्टनला होऊन गेली होती. त्यात त्याने ३२ आणि ६० केल्या.