वसई किल्ल्यातील येशूसंघीय कॉलेज

वसईच्या किल्ल्यात छप्पर हरपलेल्या एका चर्चची भव्य दर्शनी भिंत उभी आहे. तिला लागूनच येशूसंघीयांचे कॉलेज होते. १५४८ च्या सुमारास ते वसईत आले. १५५६ च्या आसपास येथेच जन्मलेले, पोर्तुगीज पिता व स्थानिक माता यांचे पुत्र गोन्सालो गार्सिया त्यांच्याच छत्राखाली शिकले. पुढे जपानमध्ये धर्मशिक्षक म्हणून सेवा करूनही त्यांना येशूसंघात प्रवेश लाभला नाही. मनिला येथे ते फ्रान्सिस्कन बंधू झाले. जपानी भाषेवरील प्रभुत्वामुळे मिशनऱ्यांचे दुभाषीही झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांनी क्रुसावर प्राणार्पण केले.

१७३९ मध्ये मराठ्यांनी किल्ला जिंकला आणि येथील अध्यापन कायमचे थांबले. १८६२ मध्ये गोन्सालो संत घोषित झाले. येशूसंघाने ज्यांना उंबरठ्यावरच थांबविले, त्यांच्याच नावाचे महाविद्यालय आज वसईत आहे.