दौतीतला सूफ

उर्दू लिहिणाऱ्या जुन्या माणसांच्या दौतीत शाईबरोबर एक बोळा असे. रेशमाच्या धाग्यांचा, नाहीतर साध्या चिंधीचा. उर्दूत त्याला सूफ म्हणतात. कलम थेट शाईत बुडवायचे नाही, सूफावर टेकवायचे. म्हणजे टोकाला हवी तेवढीच शाई येते आणि दौत कलंडली तरी सतरंजीवर तळे साचत नाही. शाई आटत आली की सूफावर चार थेंब पाणी किंवा नवी शाई सोडायची. दौत मात्र वर्षानुवर्षे तीच. दौत, कलम, कागद हे शब्द मराठीने अरबी-फारसीतून घेतले, सियाहीची शाई केली. सूफ तेवढा घ्यायचा राहून गेला.

या सूफाची आठवण आम्हाला झाली ती २००० सालाच्या सुमारास, प्रिंटरचे एक रिकामे कार्ट्रिज कापून पाहताना. आत शाईची टाकी असेल अशी आमची समजूत होती. निघाला स्पंजाचा काळा ठोकळा!

आम्ही काही मित्र तेव्हा मोहल्ल्यात एक लहान वाचनालय चालवत होतो. मराठी पुस्तके, थोडी उर्दू, दोन वर्तमानपत्रे. वर्गणीतून एक जुना संगणक आणि एक इंकजेट प्रिंटर घेतला आणि तो आमच्याच घरी ठेवला, कारण वाचनालयाच्या खोलीला कुलूप लावण्यासारखे दार नव्हते. बैठकीची निमंत्रणे, शिष्यवृत्तीचे अर्ज, नव्या लेखकांच्या कवितांच्या प्रती, सगळे त्यावर निघू लागले. प्रिंटर स्वस्त मिळाला म्हणून आम्ही खूश होतो. महिनाभरात शाई संपली आणि दुकानदाराने काळ्या व रंगीत कार्ट्रिजची किंमत सांगितली, तेव्हा दोन्हींचे मिळून जवळजवळ नव्या प्रिंटरइतके पैसे होत होते. आमच्यातला एकजण म्हणाला, ''म्हणजे बैल फुकट आणि कडबा सोन्याच्या भावाने!''

मग आम्हीही तेच केले जे त्या वर्षांत हजारो घरांत चालले होते. जमिनीवर जुने वर्तमानपत्र अंथरायचे. औषधाच्या दुकानातून इंजेक्शनची सिरिंज आणायची. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कोणी आणून दिलेली शाईची बाटली उघडायची. कार्ट्रिजवरचे लेबल सोलले की खाली बारीक छिद्रे दिसतात. त्यातून सुई स्पंजात खोल घालून शाई अगदी सावकाश सोडायची. घाई केली की हवा अडकते, जास्त भरली की खालून गळते. स्पंज शाईला मागे ओढून धरतो म्हणूनच ती आपोआप ठिबकत नाही, आणि सूफाचे कामही नेमके हेच होते. रंगीत कार्ट्रिजमध्ये तीन कप्पे, त्यांतला पिवळा कोणता आणि गुलाबी कोणता हे कळण्यासाठी आधी आगपेटीची काडी घालून पाहायची. आम्ही पहिल्या वेळी ती काडी न घालता शहाणपणा केला आणि त्या वर्षीची ईदची शुभेच्छापत्रे हिरवीऐवजी मातकट निघाली. शेवटी कोमट पाण्यात भिजवलेला कापूस खालच्या पट्टीला हलकेच टेकवायचा, छिद्रावर चिकटपट्टी लावायची आणि बिस्मिल्ला म्हणून एक पान छापून पाहायचे.

हात दोन दिवस काळेनिळे राहत. अम्मीने एकदा विचारले, ''अरे, असल्या हातांनी वजू तरी होतो का?'' मशिदीतल्या मौलवीसाहेबांना विचारले तर ते हसले. रंग राहिला तरी चालेल, म्हणाले, कातडीवर थर नको. पाणी पोहोचले म्हणजे झाले. पूर्वीच्या कातिबांची बोटे तरी कुठे गोरी होती?

घरी शाई करणे आणि भरणे ही गरिबाची युक्ती आहे, असे आपण समजतो. पण इतिहास पाहिला तर लिहिणाऱ्याची रीतच ती होती. अरबीत शाईचे दोन प्रकार सांगतात. काजळी आणि डिंक खलून केलेली ती मिदाद. मायफळ आणि हिराकस यांपासून झालेली ती हिब्र. अकराव्या शतकात उत्तर आफ्रिकेतील झीरी घराण्याचा राजा मुइझ्झ इब्न बादीस याच्या नावावर 'उम्दतुल-कुत्ताब' हा ग्रंथ आहे, त्यात कलम आणि शायांच्या कृती दिलेल्या आहेत. राजाच्या नावावर शाईच्या पाककृती! इस्तंबूलची सुलेमानिया मशीद १५५७ मध्ये पुरी झाली. वास्तुकार सिनानने तिथे हवेचा प्रवाह असा खेळवला की शेकडो दिव्यांची काजळी मुख्य दारावरच्या एका खोलीत जमा व्हावी. भिंती काळ्या झाल्या नाहीत आणि शाईला काजळी मिळाली. आणि ज्याच्या पोटातच शाई आहे असे कलम? फातिमी खलिफा मुइझ्झ (कारकीर्द ९५३ ते ९७५) याने असे कलम करवून घेतल्याची हकीगत काझी नुमान याने लिहून ठेवली आहे. लिहिले की शाई यावी, उलटे केले तरी सांडू नये, अशी त्याची मागणी होती. आजच्या प्रिंटरकडूनही आपली याहून वेगळी मागणी नाही.

आपल्याकडेही हेच होते. दौलताबाद-खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात मुसलमान कागजी हाताने कागद करत, जुन्नरचा कागद प्रसिद्ध होता, पुण्याच्या कसबा पेठेत कागदीपुरा वसला. त्या कागदावर बोरूने मोडी लिहिणारा कारकून तिळाच्या तेलाच्या दिव्याची काजळी आणि बाभळीचा डिंक यांचीच शाई वापरी. पुण्याच्या दप्तरखान्यातली ती कागदपत्रे दोन-अडीचशे वर्षांनंतरही काळीभोर आहेत. काजळी म्हणजे निव्वळ कोळसा. त्याला ऊन उडवत नाही. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

शाई विकत घेण्याची सवय इंग्रजी अमलात लागली, पण भरणे घरचेच राहिले. १९३१ मध्ये मुंबईत दांडेकरांनी सुरू केलेला कॅम्लिनचा धंदा पहिल्यांदा घोडा छाप शाईच्या पुड्या आणि वड्यांचाच होता. वडी पाण्यात विरघळवली की शाई तयार. किती दाट करायची ते ज्याचे त्याने ठरवावे. नंतर फाउंटन पेन आले, तेव्हा शाळेजवळचा दुकानदार पैशा-दोन पैशांत पेन भरून देई. मग आले बॉलपेन आणि त्याबरोबर 'रिफिल' हा शब्द. गंमत पाहा, पुन्हा भरणे असा अर्थ असलेला शब्द मराठीत नेमका त्या नळीचे नाव झाला, जी कधीच पुन्हा भरली जात नाही!

इंकजेटची जन्मकथा या सगळ्याशी फार मजेशीर रीतीने जुळते. १९७७ मध्ये जपानच्या कॅनन कंपनीत इचिरो एंडो हे संशोधक काम करत असताना तापलेली डाग देण्याची इस्त्री चुकून शाईने भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि सुईतून शाई उडाली. उष्णतेने क्षणात वाफेचा बुडबुडा होतो आणि तो शाईचा थेंब बाहेर ढकलतो, एवढेच त्याचे तत्त्व. अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्डचे लोकही स्वतंत्रपणे त्याच जागी पोहोचले आणि १९८४ मध्ये त्यांचा थिंकजेट बाजारात आला. म्हणजे ज्या यंत्राला आम्ही जमिनीवर बसून सुई टोचत होतो, त्याचा जन्मच सुईतून झाला होता.

या छपाईने आमच्यासारख्यांचे एक मोठे काम केले. उर्दूची नस्तालीक लिपी खिळ्यांत नीट बसत नसे. म्हणून कातिब हाताने लिही आणि दगडावरून किंवा पुढे ऑफसेटवर छपाई होई. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या अक्षरांवरून नूरी नस्तालीक संगणकात आली, १९९४ मध्ये इनपेज आले. कातिबांचा धंदा बुडाला, त्याचे दुःख आहेच. पण एका पानावर वर मराठी आणि खाली उर्दू असे निमंत्रण घरच्या घरी निघू लागले, हेही खरे. फक्त त्या पानावरची शाई परवडायला हवी होती.

ती का परवडत नव्हती? यंत्र स्वस्तात द्यायचे आणि नफा शाईवर काढायचा, हा दाढीच्या पात्यांचा जुना हिशेब. ह्यूलेट-पॅकार्डच्या २७ आणि ५६ या क्रमांकांची काळी कार्ट्रिजे बाहेरून एकाच मापाची. पण एकात शाई १० मिलिलिटर, दुसऱ्यात १९. इतर कंपन्याही मागे नव्हत्या. डबीवर चिप बसली आणि तिने थेंब मोजायला सुरुवात केली. शाई भरली तरी चिप म्हणे, संपली. भांडण न्यायालयात गेले आणि निकाल देशागणिक वेगळे लागले. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये कॅननच्या बाजूने, पुन्हा भरलेल्या टाक्या विकणाऱ्याच्या विरुद्ध निर्णय दिला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये लेक्समार्कच्या टोनर कार्ट्रिजच्या खटल्यात म्हटले की, एकदा वस्तू विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. त्याआधी सप्टेंबर २०१६ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डच्या बऱ्याच प्रिंटरांनी परकी कार्ट्रिजे एकाएकी नाकारली, ग्राहक खवळले आणि कंपनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली.

आमच्या मते निकालांपेक्षा मोठी गोष्ट घडली ती इंडोनेशियात. जगात सर्वांत जास्त मुसलमान ज्या देशांत राहतात त्यांपैकी हा एक, आणि तिथला छोटा दुकानदारही आपल्यासारखाच काटकसरी. प्रिंटरच्या बाजूला शाईच्या बाटल्या लावून, नळ्यांनी त्या आतल्या कार्ट्रिजला जोडण्याचा उद्योग तिथे जोरात होता. एप्सन कंपनीने अखेर ऑक्टोबर २०१० मध्ये तिथेच बाटलीने भरायच्या टाकीचा प्रिंटर स्वतः विकायला काढला. यंत्र महाग, शाई स्वस्त. लवकरच तो भारतात आला आणि पुढे इतर कंपन्यांनीही तीच वाट धरली. झेरॉक्सच्या दुकानांत आता असेच प्रिंटर दिसतात. दौत पुन्हा दौत झाली, आणि ती करून घेतली नळ्या-सुया घेऊन बसलेल्या अनाम लोकांनी.

इथे हा लेख संपवता आला असता, पण आमच्या काटकसरीची एक बाजू सांगायची राहिली आहे. तेव्हा आम्ही बाटलीवरची किंमत पाहिली, आतली शाई पाहिली नाही. शाईत रंग पूर्ण विरघळलेला असू शकतो किंवा रंगाचे अतिबारीक कण तरंगत असू शकतात. त्या काळच्या अनेक प्रिंटरांच्या मूळ काळ्या शाईत असे कण असत, आणि ते कण म्हणजे काय, तर काजळीच! मोडी कारकुनाची, सुलेमानियाच्या खोलीतली तीच काजळी. ती संपल्यावर आम्ही भरत गेलो ती बाजारातली विरघळलेल्या रंगाची स्वस्त शाई. पावसाचा थेंब पडला की निमंत्रण पसरे, त्यावर आम्ही हसत असू. उजेडाने ती उडते, हे कळायला वीस वर्षे लागली.

गेल्या पावसाळ्यात वाचनालयाचे कपाट हलवताना जुन्या फाइली निघाल्या. हिशेबाची पाने तांबूस झाली होती, कवितांच्या ओळी तिरप्या उजेडात धरल्या तरच दिसत होत्या. त्यांत एक पान मोहल्ल्यातल्या बायकांच्या पहिल्या सभेचे. त्या दिवशी २३ जणी आल्या होत्या. त्यांतल्या काही पहिल्यांदाच कुठल्या सभेला बसल्या होत्या. यादी आम्ही मोठ्या हौसेने टाइप करून छापली आणि हाताने लिहिलेला कागद फेकून दिला. संगणक तर कधीच भंगारात गेला. त्याच फाइलीत कोणाच्या तरी पणजोबांचे जमिनीचे मोडी खत होते. त्याचे अक्षर न् अक्षर काळे.

यादीतली पंधरा नावे आम्ही भिंगाने लावली. ती आता कणांच्या काळ्या शाईत पुन्हा छापली आहेत. चार नावे अम्मीने आठवून सांगितली. उरलेल्या चौघींसाठी घरोघर विचारत फिरणे चालू आहे. दोघी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेल्या, एवढाच धागा आजवर हाती लागला आहे.