दख्खनच्या कातळाचे वय आणि सूक्ष्म जीवाश्मांची साक्ष

१/ जालना जिल्ह्यात विहीर खणताना काळ्या मातीखाली मुरूम लागतो आणि त्याखाली काळा कातळ. महाराष्ट्राच्या बहुतांश भूमीखाली पसरलेला हा बेसॉल्ट लाव्ह्यातून घडला. पण केव्हा? या प्रश्नावर अभ्यासक शंभराहून अधिक वर्षे वाद घालत होते.

२/ तप्त लाव्ह्यात जीवाश्म टिकत नाहीत. मात्र दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळी साचली, तळाशी गाळ बसला आणि पुढच्या लाव्ह्याने तो झाकून टाकला. हे ‘इंटरट्रॅपियन’ थर. कातळाच्या वयाची साक्ष त्यांतच दडलेली होती.

३/ १८४० मध्ये माल्कमसन यांनी दख्खनच्या पूर्व भागात जमवलेल्या जीवाश्मांचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यांत ‘सायप्रिस’ हा दुहेरी कवचाचा, बाजरीच्या दाण्याएवढा जलचर होता. पुढे नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १८६० मध्ये हे थर तृतीयक, म्हणजे डायनासोरांनंतरचे ठरवले. विल्यम ब्लॅनफर्ड यांनी मात्र ते क्रिटेशसचे, म्हणजे डायनासोरांच्या अखेरच्या काळातले मानले.

४/ १९३४ मध्ये बीरबल साहनी यांनी ‘करंट सायन्स’मध्ये हाच प्रश्न पुन्हा उभा केला. छिंदवाड्यातील सौंसरच्या गारगोटीसारख्या खडकाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहता त्यांत अझोला सापडली होती. आज गुरांच्या खाद्यासाठी हौदात वाढवतात, तीच ही पाणवनस्पती. अझोलाचे त्याहून जुने जीवाश्म तोवर ठाऊक नव्हते. साहनींनी कौल दिला : तृतीयक.

५/ असा अभ्यास एकट्याने होत नाही. नमुने, संग्रह आणि नियतकालिक यांचा आधार लागतो. म्हणून साहनींनी १९४६ मध्ये लखनौत पुरावनस्पतिशास्त्राची संस्था उभारली. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंनी तिच्या इमारतीची कोनशिला बसवली आणि आठवड्याभरातच साहनींचे निधन झाले. १९५० मध्ये त्यांचे बंधू एम. आर. साहनी यांनी भारतीय पुराजीवशास्त्र सोसायटी स्थापन केली.

६/ पुढे परागकणांचा पुरावा आला. खडक तीव्र आम्लात विरघळतो, पण परागकणाचे चिवट कवच उरते. जबलपूरजवळच्या थरांत ‘अक्विलापोलेनाइट्स’ हे क्रिटेशसच्या अखेरीचे परागकण मिळाले. १९९६ मध्ये हा पुरावा मांडणाऱ्यांत अशोक साहनी होते : बीरबल यांचे पुतणे! काकांचा निष्कर्ष पुतण्याच्या पिढीने तपासून बदलला.

७/ छिंदवाड्याच्याच झिल्मिली येथे मात्र डायनासोर लोपल्यानंतरचे सूक्ष्म सागरी फोरामिनिफेरा आढळले. किरणोत्सारी कालमापनानेही सुमारे ६.६ कोटी वर्षे हाच काळ दाखवला. उद्रेक क्रिटेशसच्या अखेरीस सुरू झाले आणि सीमा ओलांडून तृतीयकात चालू राहिले. दोन्ही पक्षांच्या हाती अर्धे सत्य होते.

८/ डायनासोरांच्या विनाशात मेक्सिकोतील उल्काघाताचा वाटा किती आणि दख्खनच्या ज्वालामुखींचा किती, हा जागतिक वाद याच कालगणनेवर उभा आहे. दख्खनमधल्या खाणीत दोन कातळांच्या मध्ये गेरूसारखा लाल पट्टा दिसला, तर तिथे क्षणभर थांबावे. दोन उद्रेकांमधल्या विसाव्याची ती खूण असते.